चौकटीतून जाणारा माणूस : किरणोत्सारी दूषणाच्या जनतपासणीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अणुवीज केंद्राच्या बाहेर पडण्याच्या मार्गावर एक चौकट उभी असते. अणुअपघातानंतर विस्थापितांसाठी उघडलेल्या तपासणी केंद्रातही तशीच चौकट उभारली जाते. दिसावयास ती विमानतळावरील धातुशोधक चौकटीसारखीच असते. माणूस तिच्यातून चालत जातो. त्याच्या कपड्यांवर, केसांत वा पादत्राणांना किरणोत्सारी धूळ लागलेली असेल तर घंटा वाजते. नसेल तर तो पुढे जातो. या यंत्रास 'पोर्टल मॉनिटर' असे म्हणतात. त्याची सुटे भाग जोडून कोठेही उभारता येणारी सुवाह्य आवृत्ती ही आज अणुआपत्तीच्या व्यवस्थापनातील एक नित्याची गोष्ट मानली जाते.

वरवर पाहता हा विषय तंत्रविज्ञानाचा वाटतो. परंतु माणसांच्या समुदायातून 'दूषित' आणि 'अदूषित' असे दोन गट वेगळे काढणारे कोणतेही साधन केवळ तांत्रिक राहत नाही. कोणास थांबवावयाचे, कोणास जाऊ द्यावयाचे आणि ज्यास थांबविले त्याच्याशी समाजाने कसे वागावयाचे, हे प्रश्न त्याच्याशी अपरिहार्यपणे जोडले जातात. म्हणूनच या साधनाचा इतिहास हा विज्ञानाच्या इतिहासाचा भाग आहे, तसाच तो सामाजिक इतिहासाचाही भाग आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचा एकत्रित विचार करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) माणसांवरील किरणोत्सारी दूषण तपासण्याच्या पद्धतीचा विकासक्रम स्पष्ट करणे.
२) सुवाह्य चौकटीची रचना, कार्यपद्धती व मर्यादा यांचा परिचय करून देणे.
३) गोयानिया, फुकुशिमा आणि मायापुरी येथील घटनांच्या आधारे जनतपासणीच्या सामाजिक परिणामांचा विचार करणे.

पूर्वपीठिका : बाधा आणि दूषण

या विषयात दोन संकल्पनांची नेहमी गल्लत होते. क्ष-किरण वा गॅमा किरण अंगावरून गेलेल्या माणसास बाधा होऊ शकते. परंतु तो माणूस स्वतः किरणोत्सारी बनत नाही. क्ष-किरण छायाचित्र काढून आलेल्या रुग्णाजवळ बसल्याने कोणास काही होत नाही, ते यामुळेच. दूषण ही निराळी गोष्ट होय. त्यात किरणोत्सारी पदार्थाचे कणच माणसाच्या अंगावर बसतात किंवा श्वासावाटे व अन्नावाटे शरीरात जातात. असा माणूस ते कण बरोबर घेऊन फिरतो आणि घरी, बसमध्ये वा बाजारात सांडत जातो. चौकट तपासते ती हे दूषण. माणसास यापूर्वी किती किरणोत्सार लागला हे ती सांगू शकत नाही.

दूषणाचा सामाजिक अनुभव अणुबाँबच्याही आधीचा आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात पहिल्या महायुद्धाच्या काळापासून घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियममिश्रित रंगाने आकडे रंगविण्याचे काम तरुण मुली करीत असत. कुंचल्याचे टोक ओठांनी निमुळते करण्याची त्यांची पद्धत होती. काम संपल्यावर त्यांचे केस आणि कपडे अंधारात चमकत. त्या काळी तो कौतुकाचा विषय होता. पुढे त्यांच्यात जबड्याच्या हाडांचे व रक्ताचे गंभीर आजार उद्भवले. १९२५ मध्ये हॅरिसन मार्टलँड या वैद्यकतज्ज्ञाने या कामगारांच्या शरीरातच किरणोत्सार असल्याचे दाखवून दिले. १९२८ मध्ये पाच कामगार स्त्रियांनी लढविलेला दावा तडजोडीने मिटला. १९४१ मध्ये अमेरिकेत, शरीरात जास्तीत जास्त किती रेडियम चालू शकेल याची मर्यादा एक दशांश मायक्रोग्रॅम अशी ठरविण्यात आली. 'किती दूषण म्हणजे दूषण' या प्रश्नास आकड्यात दिलेले हे एक आरंभीचे उत्तर होय. ते अनेक स्त्रियांच्या मृत्यूनंतर मिळाले, ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे.

प्रयोगशाळेच्या दारातील पहारेकरी

१९०८ मध्ये हान्स गायगर यांनी अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्यासमवेत कण मोजण्याचे विद्युत साधन तयार केले. १९२८ मध्ये वाल्टर म्यूलर यांच्या सहकार्याने त्यास आजचे परिचित रूप प्राप्त झाले. परंतु हे साधन माणसांच्या नित्य तपासणीसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले गेले ते दुसऱ्या महायुद्धातील मॅनहॅटन प्रकल्पात. हजारो कामगार प्रथमच किरणोत्सारी द्रव्यांच्या सान्निध्यात काम करीत होते आणि त्यांतील बहुतेकांना आपण काय हाताळीत आहोत याची कल्पनाही नव्हती. हात व पाय तपासणारी गणित्रे या काळात प्रचारात आली.

ऑगस्ट १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भौतिकशास्त्रज्ञ हेन्री डी-वुल्फ स्मिथ यांच्या अधिकृत अहवालात या व्यवस्थेचा उल्लेख आढळतो. काही प्रयोगशाळांच्या बाहेर पडण्याच्या दारांशी गणित्रे लपवून ठेवलेली होती आणि कपडे, कातडी वा केस दूषित असलेला माणूस तेथून गेला की ती इशारा देत, असे त्यात नमूद केले आहे. आजच्या चौकटीचा हाच पूर्वज म्हणावा लागेल. त्यातील 'लपविलेली' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याची तपासणी होत असे त्यास ती होत असल्याचे कळण्याची गरज तेव्हा मानली गेली नव्हती. कामगाराच्या आरोग्याची काळजी आणि गुप्ततेची शिस्त ही दोन्ही एकाच दारात एकत्र नांदत होती.

युद्धानंतर १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्रस्फुरण शोधकांचा विकास झाला. काही पदार्थांवर गॅमा किरण पडला असता त्यातून प्रकाशाचा अत्यंत सूक्ष्म लखलखाट होतो. हा प्रकाश प्रकाशगुणक नळीद्वारे विद्युत स्पंदात रूपांतरित करून मोजता येतो. असे पदार्थ प्लॅस्टिकमध्येही तयार करता येऊ लागल्यावर मोठ्या आकाराचे पट्टे तुलनेने स्वस्तात बनविणे शक्य झाले. माणसाच्या उंचीची चौकट उभी करता आली ती या मोठ्या पट्ट्यांमुळे.

चौकटीची रचना व कार्यपद्धती

सुवाह्य चौकटीचे साधारणतः दोन उभे खांब, वर जोडणारी आडवी पट्टी आणि पायाखाली एक तळपट्टी असे भाग असतात. खांबांत वेगवेगळ्या उंचीवर शोधक बसविलेले असतात. त्यामुळे इशारा मिळाल्यावर दूषण डोक्याजवळ आहे, कमरेजवळ आहे की पायाशी, याचा अंदाज येतो. हे सर्व भाग पेट्यांत भरून गाडीतून नेता येतात व थोड्या वेळात जोडता येतात. वीज नसेल तेथे ते विद्युतघटावर चालतात.

या यंत्राचे खरे काम वजाबाकीचे आहे. जगात किरणोत्साररहित अशी जागा नाही. जमिनीतील युरेनियम व थोरियम, अवकाशातून येणारे किरण, बांधकामाचे दगड, इतकेच नव्हे तर माणसाच्या शरीरातील पोटॅशियम, ही सर्व किरणोत्साराची नैसर्गिक उगमस्थाने आहेत. प्रौढ माणसाच्या शरीरातील पोटॅशियम-४० मध्ये दर सेकंदास सुमारे चार हजार विघटने होत असतात. म्हणून चौकट रिकामी असताना यंत्र सतत पार्श्वभूमी मोजत राहते. माणूस आत आला की संवेदक त्याची नोंद घेतो आणि त्या क्षणाची मोजणी पार्श्वभूमीशी ताडून पाहिली जाते.

परंतु पार्श्वभूमीही स्थिर नसते. किरणोत्सारी विघटन यादृच्छिक असल्यामुळे एकाच जागी लागोपाठ घेतलेल्या मोजण्या सारख्या येत नाहीत. संख्याशास्त्रानुसार सरासरी मोजणी ९०० असेल तर तिच्यातील स्वाभाविक चढउताराचे माप तिच्या वर्गमुळाएवढे, म्हणजे ३० असते. इशाऱ्याची पातळी पार्श्वभूमीच्या वर अशा तीन मापांएवढी ठेवली तर ती ९९० होते. चार मापांएवढी ठेवली तर १,०२० होते. पहिल्या पातळीवर निर्दोष माणसासाठी खोटी घंटा वाजण्याची शक्यता सुमारे ७४० मध्ये एक असते. दुसऱ्या पातळीवर ती ३१,००० मध्ये एकच्या आसपास उतरते. मात्र पातळी वर नेली की अल्प दूषण असलेला माणूस निसटण्याची शक्यता वाढते. या दोहोंपैकी कोणती चूक अधिक सोसावयाची याचे उत्तर यंत्र देत नाही. ते माणसांनी आधी ठरवून यंत्रात भरावयाचे असते.

याशिवाय व्यवहारातील काही अडचणी असतात. चौकटीतील माणसाचे शरीरच बाहेरून येणारा किरणोत्सार काही अंशी अडवते. त्यामुळे मोजणी वाढण्याऐवजी किंचित घटते. रांगेत उभा असलेला दूषित माणूस चौकटीच्या जवळ आला तर पार्श्वभूमी वाढते आणि त्याच्या पुढील माणसाची तपासणी बिघडते. पावसाबरोबर रेडॉन वायूपासून बनलेले कण जमिनीवर येतात व मोजणी काही काळ चढते. चिखलाच्या पादत्राणांनी तळपट्टी दूषित झाली तर त्यानंतरचा प्रत्येक माणूस दूषित ठरू शकतो. म्हणून रांग दूर ठेवणे, तळावरील आच्छादन बदलत राहणे आणि घंटा वाजलेल्या माणसाची हातातील उपकरणाने सावकाश फेरतपासणी करणे, हे नियम यंत्राइतकेच महत्त्वाचे ठरतात.

उलट दिशेने वाजलेली घंटा

दारातील यंत्राची मूळ कल्पना अशी की धोका आत आहे आणि तो बाहेर जाऊ द्यावयाचा नाही. परंतु १९८० च्या दशकातील दोन प्रसिद्ध घटनांत ही घंटा उलट दिशेने वाजली.

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस या अभियंत्याच्या तपासणीत वारंवार इशारा मिळू लागला. केंद्राचे बांधकाम पूर्णत्वास येत होते, परंतु वीजनिर्मिती अद्याप सुरू झालेली नव्हती. एके दिवशी ते सकाळी आत येताच थेट चौकटीत गेले, तेव्हाही घंटा वाजली. दूषण केंद्रातील नसून घरातून येत आहे हे त्यावरून स्पष्ट झाले. त्यांच्या घराच्या हवेत रेडॉनचे प्रमाण दर लिटरला सुमारे २,७०० पिकोक्युरी इतके निघाले. अमेरिकी पर्यावरण यंत्रणेने पुढे ज्या पातळीवर उपाय योजावेत असे सांगितले ती पातळी अवघी ४ पिकोक्युरी आहे. घराखालच्या खडकांतून झिरपणारा हा वायू कोणत्याही कारखान्याचा नव्हता. घरगुती रेडॉनच्या प्रश्नाकडे अमेरिकेत व्यापक लक्ष वेधले गेले ते या घटनेमुळे.

दुसरी घटना २८ एप्रिल १९८६ च्या सकाळची. स्वीडनमधील फॉर्समार्क अणुवीज केंद्रात क्लिफ रॉबिन्सन या रसायनतज्ज्ञाच्या पादत्राणांमुळे चौकटीची घंटा वाजली. आपल्याच केंद्रात गळती झाली असावी, असा प्रथम समज झाला व कर्मचाऱ्यांना बाहेर काढण्यात आले. परंतु बाहेरून येणाऱ्या इतरांच्या पादत्राणांनाही तेच कण लागलेले होते. कणांच्या पृथक्करणावरून ते एखाद्या अणुभट्टीतील असल्याचे व वाऱ्यापावसाबरोबर दुरून आल्याचे निष्पन्न झाले. ती भट्टी सुमारे १,१०० किलोमीटर अंतरावरील चेर्नोबिल येथील होती. तेथे २६ एप्रिल रोजी झालेल्या अपघाताची वार्ता सोव्हिएत सरकारने २८ एप्रिलच्या रात्री त्रोटक शब्दांत जाहीर केली. जे वृत्त एका महासत्तेने दोन दिवस दडपले होते ते एका कर्मचाऱ्याच्या पादत्राणांनी उघड केले. कामगारांवर पहारा ठेवण्यासाठी लावलेले यंत्र येथे शासनसंस्थेविरुद्धचा साक्षीदार ठरले.

गोयानिया : क्रीडांगणातील रांग

कर्मचाऱ्यांची तपासणी आणि सामान्य जनतेची तपासणी यांत मूलभूत फरक आहे. कर्मचारी प्रशिक्षित असतो व घंटेचा अर्थ त्यास ठाऊक असतो. जनतेस यांपैकी काहीच ठाऊक नसते. हा फरक सर्वांत तीव्रतेने जाणवला तो ब्राझीलमधील गोयानिया शहरात.

१३ सप्टेंबर १९८७ रोजी तेथील एका सोडून दिलेल्या किरणोपचार संस्थेच्या इमारतीतून दोघांनी भंगार म्हणून एका यंत्राचा भाग काढून नेला. त्यात सीझियम-१३७ चे सुमारे १,३७५ क्युरी क्षमतेचे क्लोराइड होते. एका भंगार व्यापाऱ्याने तो भाग विकत घेतला. रात्री त्यातून निळा प्रकाश दिसला. ते काहीतरी मौल्यवान असावे, या समजुतीने त्यातील चूर्ण आप्तेष्टांत वाटले गेले. काहींनी ते अंगालाही चोळले. माणसे आजारी पडू लागल्यावर व्यापाऱ्याच्या पत्नीस त्या वस्तूविषयी संशय आला. २८ सप्टेंबर रोजी तिने ती वस्तू पिशवीत घालून सार्वजनिक बसने आरोग्य कार्यालयात नेली. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने युरेनियम शोधणाऱ्या कार्यालयाकडून उसने आणलेले उपकरण चालू केले, तेव्हा त्याचा काटा टोकास जाऊन थांबला. उपकरण बिघडले असावे असे समजून त्यांनी दुसरे आणले. त्याचाही काटा टोकास गेला, तेव्हा परिस्थितीचे गांभीर्य ध्यानात आले.

यानंतर शहरातील ऑलिंपिक क्रीडांगणात तपासणी सुरू झाली. सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत सुमारे १,१२,००० लोकांची हातातील उपकरणांनी तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २४९ जण दूषित आढळले. काहींचे दूषण कपडे व पादत्राणांपुरते होते. उर्वरितांच्या शरीरावर वा शरीरातही सीझियम होते. शरीरातील सीझियम बाहेर काढण्यासाठी 'प्रशियन ब्लू' हे औषध देण्यात आले. ऑक्टोबरमध्ये चौघांचा मृत्यू झाला. त्यांत सहा वर्षांची एक बालिका आणि ती वस्तू कार्यालयात पोचविणारी स्त्री यांचा समावेश होता.

येथे थोडे गणित उद्बोधक ठरेल. एका माणसाच्या सर्वांगावरून उपकरण सावकाश फिरविण्यास तीन मिनिटे धरली तर १,१२,००० लोकांसाठी ५,६०० तास लागतात. माणशी पाच सेकंद घेणाऱ्या चौकटीस हेच काम सुमारे १५५ तासांत करता येईल. जनतपासणीसाठी सुवाह्य चौकटीची गरज का भासली, हे या तुलनेतून कळते. परंतु दुसरे गणितही तितकेच महत्त्वाचे आहे. चौकटीची पातळी तीन मापांवर ठेवली असती तर तेवढ्या लोकांत सुमारे १५० खोट्या घंटा वाजल्या असत्या. खरे दूषित २४९ असताना १५० निर्दोष माणसांना काही काळ तरी दूषितांच्या रांगेत उभे राहावे लागले असते. चार मापांच्या पातळीवर ही संख्या तीन-चारवर येते. आकड्यांतील हा बदल लहान दिसला तरी त्या रांगेतील माणसाच्या दृष्टीने तो लहान नव्हे.

कारण गोयानियाच्या समाजाने दूषितांशी केलेला व्यवहार निष्ठुर होता. मृत बालिकेची शिशाचे अस्तर असलेली शवपेटी दफनभूमीत आणली तेव्हा जमावाने दगडफेक करून दफनास विरोध केला. शहरातील रहिवाशांना इतरत्र हॉटेलांत जागा नाकारण्यात आली, तेथील माल बाजारात पडून राहिला. अखेर 'हा माणूस दूषित नाही' अशी प्रमाणपत्रे शासनास द्यावी लागली. तपासणीस आलेल्या लाखावर लोकांपैकी बहुसंख्यांचा त्या वस्तूशी कधीच संबंध आलेला नव्हता. ते आजार शोधण्यासाठी आले नव्हते, आपण निर्दोष असल्याचा पुरावा मिळविण्यासाठी आले होते. शोधाचे साधन येथे आश्वासनाचे साधन बनले.

मानकापासून निर्णयापर्यंत

१९७९ च्या थ्री माइल आयलंड अपघातानंतर अमेरिकेत अणुवीज केंद्रांच्या परिसरातील लोकांच्या आपत्कालीन स्थलांतराचे नियोजन सक्तीचे झाले. स्थलांतरितांच्या स्वागत केंद्रांत तपासणी कशी व्हावी हा त्यातील एक भाग होता. १९९५ मध्ये तेथील आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने अशा चौकटींसाठी मानक प्रसिद्ध केले. अंगावर कोठेही असलेले एक मायक्रोक्युरी सीझियम-१३७ चौकटीस ओळखता आले पाहिजे, ही त्यातील मुख्य कसोटी होती. गोयानियाच्या मूळ स्रोताच्या एक अब्जांशाहूनही ही मात्रा कमी आहे. यंत्राची क्षमता येथे निश्चित झाली. परंतु क्षमता निश्चित होणे आणि प्रत्यक्ष आपत्तीत निर्णय घेणे यांतील अंतर मार्च २०११ मध्ये जपानमध्ये दिसून आले.

फुकुशिमा येथे ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर अणुभट्ट्यांतून किरणोत्सारी द्रव्ये बाहेर पडली. शरीर धुण्याची गरज ठरविण्यासाठी फुकुशिमा प्रांतात आरंभी दर मिनिटास १३,००० मोजण्यांची पातळी वापरात होती. पाणी नाही, वीज नाही, कडाक्याची थंडी आणि हजारो लोक रांगेत, अशा स्थितीत ती पाळणे अशक्य झाले. १४ मार्च रोजी प्रांताने ती पातळी १,००,००० पर्यंत वाढविली. पुढील काही महिन्यांत सुमारे दोन लाख लोकांची तपासणी झाली. वाढविलेली पातळी ओलांडणारे शंभराच्या आसपासच होते आणि वरचे कपडे काढल्यावर त्यांची मोजणी खाली आली. पातळी वाढविण्याचा हा निर्णय योग्य होता की नाही यावर मतभेद असू शकतात. मात्र १३ मार्चला दूषित ठरणारा माणूस १४ मार्चला तसा ठरत नव्हता, ही वस्तुस्थिती आहे.

त्याच दिवशी घडलेली दुसरी घटना अधिक गंभीर आहे. भट्टीजवळच्या एका रुग्णालयातील व वृद्धाश्रमातील अंथरुणास खिळलेल्या रुग्णांना बसने हलविण्यात आले. त्यांना थेट रुग्णालयात न नेता प्रथम दूषणतपासणीसाठी मिनामिसोमा येथे न्यावे लागले व तेथून लांबच्या वळणाने इवाकीकडे. या प्रवासास दहा तासांहून अधिक काळ लागला. प्रवासात व त्यानंतरच्या दिवसांत त्यांतील अनेक वृद्ध मरण पावले. त्यांचा बळी किरणोत्साराने घेतला नव्हता. तपासणीस उपचाराहून अग्रक्रम मिळाल्यास काय होते, याचे हे उदाहरण होय. गंभीर रुग्णाच्या बाबतीत आधी प्राणरक्षण व नंतर दूषणनिवारण हे तत्त्व वैद्यकात मान्य होते. व्यवस्थेने ते त्या दिवशी पाळले नाही. पुढेही काही ठिकाणी फुकुशिमाहून आलेल्यांना आश्रय देण्यापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र मागण्यात आले. चोवीस वर्षांनंतर गोयानियाचाच अनुभव निराळ्या देशात पुन्हा आला.

भारतीय संदर्भ

भारतात तुर्भे येथील 'अप्सरा' ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली आणि १९६९ मध्ये तारापूर येथे वीजनिर्मिती सुरू झाली. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली. त्याचे मुख्यालय मुंबईतील अणुशक्तिनगरात आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नंतर उभारलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या काही तुकड्यांना किरणोत्सारी आपत्तीचे प्रशिक्षण देण्यात आले. पुणे जिल्ह्यातील तळेगावजवळची तुकडी त्यांपैकीच आहे.

तथापि भारतातील दोन ठळक घटना अणुवीज केंद्रांशी संबंधित नव्हत्या. २००८ मध्ये फ्रान्समध्ये उद्वाहनाच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले. ती बटणे भारतातून गेलेल्या पोलादाची होती आणि तपासाचा माग महाराष्ट्रातील खोपोली येथील ओतशाळेपर्यंत आला. भंगारात मिसळलेला किरणोत्सारी स्रोत कोणाच्याही नकळत वितळविला गेला होता. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात अनेकांना किरणोत्साराची तीव्र बाधा झाली व एकाचा मृत्यू झाला. तेथील कोबाल्ट-६० हे दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील, १९८५ पासून वापराविना पडून असलेल्या उपकरणातून आले होते. त्या उपकरणाचा फेब्रुवारी २०१० मध्ये लिलाव करण्यात आला होता. वापरात नसलेल्या स्रोतांच्या सुरक्षित विल्हेवाटीची जबाबदारी २००४ च्या किरणोत्सार संरक्षण नियमांत स्पष्ट केलेली असतानाही हे घडले.

या घटनेचा धडा शिक्षणसंस्थांनी विशेषत्वाने घ्यावा असा आहे. उपकरण सांभाळणारे प्राध्यापक निवृत्त होतात, नोंदवहीतील वर्णन पुढच्या पिढीस कळेनासे होते आणि डेडस्टॉक निर्लेखनाच्या वेळी सर्व वस्तू एकाच यादीत, वजनावर, भंगारात जातात. गोयानियातील सोडून दिलेली संस्था आणि दिल्लीतील विस्मृतीत गेलेले उपकरण यांत या दृष्टीने फारसे अंतर नाही. दोन्ही ठिकाणी किरणोत्सार ओळखणारी चौकट भंगारवाल्याच्या दारात नव्हती. त्याची किंमत ज्यांना त्या वस्तूचे नावही ठाऊक नव्हते अशा माणसांनी चुकविली.

मर्यादा

चौकटीच्या यशाबरोबर तिच्या मर्यादांचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. ती प्रामुख्याने गॅमा किरण ओळखते. अल्फा कण कपड्याच्या एका पदरानेही अडतात. नोव्हेंबर २००६ मध्ये लंडन येथे अलेक्झांडर लिट्विनेन्को यांच्यावर पोलोनियम-२१० चा विषप्रयोग झाला. त्यातून गॅमा किरण जवळजवळ निघतच नसल्यामुळे अशी चौकट तेथे निरुपयोगी ठरली असती. उलटपक्षी, थायरॉइडच्या उपचारासाठी आयोडीन-१३१ घेतलेला रुग्ण चौकटीत गेला तर घंटा वाजते. तो दूषित नसतो, तो उपचार घेत असतो. दोन्ही बाबतींत यंत्र आपले काम बरोबरच करीत असते. अर्थ लावण्याचे काम माणसाकडे उरते.

निष्कर्ष

१) दूषणतपासणीचे साधन प्रयोगशाळेच्या गुप्त दारातून सार्वजनिक क्रीडांगणात आले. या स्थित्यंतरात त्याचे प्रयोजन कामगारांवरील पहाऱ्यापासून जनतेस आश्वासन देण्यापर्यंत बदलले.

२) इशाऱ्याची पातळी ही निसर्गदत्त सीमारेषा नव्हे. ती संख्याशास्त्र, उपलब्ध साधने व परिस्थिती यांवरून ठरविलेली असते. म्हणून ती कोणी व कोणत्या कारणास्तव ठरविली हे जनतेस आधीच सांगणे आवश्यक आहे. आपत्तीच्या मध्यावर बदललेली पातळी, तिचे कारण शास्त्रीय असले तरीही, विश्वासास तडा देते.

३) घंटा वाजलेल्या माणसाशी काय बोलावयाचे, त्याचे कपडे कोठे बदलावयाचे आणि त्याचे नाव कोणास कळू द्यावयाचे नाही, याची तयारी यंत्राच्या खरेदीइतकीच महत्त्वाची आहे. आजारी माणसाच्या बाबतीत तपासणी हा उपचारातील अडथळा होता कामा नये.

४) या इतिहासातील सर्वांत निर्णायक शोध नेहमी नियोजित तपासणीतून लागलेले नाहीत. वॉट्रस यांची सकाळची शंका, फॉर्समार्कच्या कर्मचाऱ्याची पादत्राणे आणि गोयानियातील त्या स्त्रीने बसमधून नेलेली पिशवी, यांतून ते लागले. त्या स्त्रीच्या संशयाची दखल घेणारे कार्यालय शहरात होते, म्हणून पुढील हानी मर्यादित राहिली. सामान्य माणसाने आणलेल्या संशयास्पद वस्तूकडे गांभीर्याने पाहणारी व्यवस्था आणि आपल्या ताब्यातील स्रोतांची चोख नोंद ठेवणाऱ्या संस्था नसतील, तर चौकट केवळ झालेल्या हानीची मोजदाद करीत राहील.